पहिल्या खेळाचे लाभार्थी

ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही तो प्रश्न लोकांना विचारू नये, हे हेमसिंग राठोडला चांगलं कळत होतं. कळायलाच हवं, कारण तो नियम त्यानेच केलेला होता. पण माणूस चिडला की त्याच्या आतला नियम करणारा एकीकडे जातो आणि मोडणारा दुसरीकडे, आणि त्या संध्याकाळी हेमसिंग चांगलाच चिडलेला होता.

रिसोडच्या कापडलाइनीत अशफाकचं मॅचिंग सेंटर आहे. दिवसभर तिथे अस्तर, फॉल आणि लेस घेणाऱ्या बायकांची गर्दी असते. दिवेलागणीला ती ओसरली की चार जण गादीवर मांडी घालून एकमेकांना प्रश्न विचारत बसतात: अशफाक स्वतः, शाळेत इतिहास शिकवणारा धनराज, मोबाइल दुरुस्त करणारा फुरकान आणि बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवणारा हेमसिंग. गावात कुणी पत्ते कुटतं, कुणी राजकारण कुटतं, हे चौघे प्रश्न कुटतात. वाकाटक राजांच्या वत्सगुल्म शाखेपासून ते अमक्या नटीने पडद्यावर किती वेळा आंधळीचं काम केलं इथपर्यंत काहीही चालतं. जिंकणाऱ्याला काही मिळत नाही. म्हणूनच हरणं फार लागतं.

मोबाइल आल्या आल्या गल्ल्यात टाकायचा, हा पहिला नियम. प्रश्न अडला तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत, आणि मग विचारणाऱ्याने उत्तर सांगायचं, तेही पुराव्यानिशी. पुरावा म्हणजे छापील कागद, नाहीतर एकमताचे दोन साक्षीदार. आणि विचारणाऱ्यालाच उत्तर येत नसेल तर वर्षभर बैठकीतून बाहेर. हा शेवटचा नियम हेमसिंगने केला तो बाबूलालमुळे. बाबूलाल हा त्याचा शेजारी दुकानदार, फवारणीचे पंप विकणारा. त्याने एकदा आकाशात तारे किती असं विचारलं, आणि उत्तर मागितल्यावर ‘तेच तर तुमाले इचारून राह्यलो’ म्हणाला. त्याच संध्याकाळी हेमसिंगने ठराव मांडून त्याला बाहेर काढलं. शेजारधर्म वेगळा आणि ज्ञान वेगळं, असं त्याचं तेव्हा म्हणणं होतं.

तर त्या संध्याकाळी अशफाकने हेमसिंगला एका बेगमेच्या प्रश्नावर पाडलं, फुरकानने एका खलनायकाच्या प्रश्नावर पाडलं, आणि धनराज मास्तराने पाठीवरून हात फिरवत, वय झालं की असं होतं, अशी समजूत घातली. हेमसिंग धनराजपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. तो पाणी प्यायला, गादीवर सरळ बसला आणि त्याने विचारलं, “आपल्या रिसोडात पयल्यांदा सिनेमाचा तंबू लागला, त्यात पयला पिक्चर कोणता दाखोला?”

कुणाला येईना. अशफाकने छताकडे पाहिलं, फुरकानने गल्ल्याकडे. ती शांतता हेमसिंगने घरी जाईपर्यंत चघळली. हातपाय धुऊन तो जेवायला बसला, बायकोला सगळा पराक्रम ऐकवला, आणि संगीताने भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, “मंग तो पिक्चर कोणता होता?”

हेमसिंगचा घास तोंडाशीच थांबला.

आता इथे दुसरा कुणी असता तर डोकं दुखतंय म्हणून बाजारापर्यंत घरी बसला असता. हेमसिंगलाही भीती वाटली, नाही असं नाही. वर्षभर त्या गादीवर बसायचं नाही म्हणजे संध्याकाळी जायचं कुठे, आणि बाबूलालला तोंड दाखवायचं कसं? पण भीतीच्या मागोमाग त्याला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. आपल्याच गावात कधीतरी लोकांनी पहिल्यांदा पडद्यावर माणसं हलताना पाहिली असतील. जिथे आता सोयाबीनच्या ट्रॉल्या उभ्या राहतात तिथे तो तंबू होता, एवढं त्याने वडिलांकडून ऐकलं होतं. काय पाहिलं असेल त्यांनी? हे आपण आजवर कुणालाच कसं विचारलं नाही?

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच तो एका कचेरीत गेला. कचेरीचं नाव घेत नाही, कारण तिथले लोक सभ्य होते. तंबूचा परवाना कधीतरी दिलाच असेल, त्यात खेळाचं नाव असेल, असा त्याचा हिशेब. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता, आपण सगळे अकोल्यात होतो, तेव्हा कागद असलाच तर तिकडे असेल. अर्ज मात्र इथे करता येईल. अर्जात ‘माहिती कशासाठी हवी’ असा रकाना होता. हेमसिंगने लिहिलं, ‘कुतूहल’. बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि तो परत दिला. कुतूहल चालत नाही म्हणाल्या. शैक्षणिक लिहा, न्यायालयीन लिहा, वारसनोंद लिहा. लोकांचे हजारो अर्ज भरून दिलेल्या हेमसिंगला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अर्जाचं कारण सांगता आलं नाही. त्याने ‘शैक्षणिक’ लिहिलं आणि चोरी केल्यासारखा बाहेर पडला. उत्तर टपालाने येईल असं कळलं. बाजार त्याच्या फार आधी येणार होता.

बाबूलालला हे लगेच कळलं. बाबूलालला सगळंच लगेच कळतं, त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं. त्याने टोमणा मारला नाही, उलट फार मायेने सल्ला दिला, आणि तिथेच हेमसिंगने सावध व्हायला हवं होतं. कागद कायले शोधतं, बाबूलाल म्हणाला, म्हातारे जित्ते हायेत तवर त्याईलेच इचार. केंद्राबाहेर बोर्ड आहे, त्यावर दोन ओळी लिहून टाक.

सल्ला म्हणून वाईट नव्हता. हेमसिंगने कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात छापलं: ‘ज्यांनी रिसोडातील पहिल्या तंबूत पहिला खेळ पाहिला असेल, अशा ज्येष्ठ नागरिकांनी येथे भेटावे.’ आणि तो कागद बोर्डावर लावला. चुकलं ते इथे. त्या बोर्डावर एका बाजूला निराधार योजनेचा कागद होता, दुसऱ्या बाजूला पीकविम्याचा. त्या बोर्डावर आजवर असा एकही कागद लागला नव्हता ज्यातून कुणाला काही मिळणार नाही.

दुपारपर्यंत तीन म्हातारे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायला हेमसिंग पोचला तर रांग होती. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो. जीपवाल्यांनी बातमी केनवडपर्यंत नेली होती, आणि तिथून ती वाढून परत आली होती: पहिला पिक्चर पाहणाऱ्यांना सरकार मानधन देणार आहे, आणि त्याचे अर्ज राठोडकडे आहेत. धनजहून एक जण कारंज्यावरून बस बदलत आला होता. धनज कुठे, रिसोड कुठे! पण लहानपणी तो इथे मामाकडे होता म्हणे, आणि मामाच्या खांद्यावर बसून पाहिल्यास अर्धं मानधन मिळतं की पूर्ण, एवढीच त्याला शंका होती.

योजना नाही, असं हेमसिंगने सांगून पाहिलं. लोक समजूतदारपणे माना हलवून रांगेतच उभे राहिले. योजना नाही असं केंद्रवाला म्हणतो तेव्हा कोटा संपत आलेला असतो, एवढं त्यांना अनुभवाने माहीत होतं. वॉर्डातला एक पुढारी येऊन, लाभार्थी निवडताना आपल्याला विश्वासात का घेतलं नाही म्हणून नाराजी नोंदवून गेला. केंद्रात जागा पुरेना म्हणून हेमसिंगने म्हाताऱ्यांना मागच्या घरात बसवलं. संगीताने पहिल्या दिवशी चहा केला, दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी साखरेचा रिकामा डबा आणून नवऱ्याच्या कीबोर्डवर ठेवला.

पण हेमसिंग ऐकत होता, आणि ऐकताना त्याला साखरेचं भान राहत नव्हतं. मोहनसिंग नावाचे एक आजोबा म्हणाले, तो डाकूचा पिक्चर होता. त्यांच्या मागच्याने सांगितलं, डाकू कुठला, सासूचा होता, सासू सुनेला घराबाहेर काढते. धनजवाल्याने हत्ती पाहिला होता. हत्ती काय करत होता? काही नाही, मागून गेला. पिक्चरचं नाव मात्र प्रत्येकाचं निराळं, आणि प्रत्येक जण पोटच्या पोराची शपथ घ्यायला तयार. दोन नावं जुळतील तर शपथ. फक्त एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती. शेवटी काय झालं असं विचारलं की डाकूवाला, सासूवाला आणि हत्तीवाला, तिघेही एकच सांगत, की पोरगी आगगाडीत चढायला गेली अन् लाईट गेली.

बाजाराच्या आदल्या दिवशी केनवडहून गोविंदसिंग आणि मदनसिंग हे भाऊ आले. पांढरेशुभ्र कपडे, दोघांची नजर सरळ. दोघांनी एकमताने सांगितलं की त्यांनी पहिला खेळ पाहिला आहे. नाव काय, म्हणून हेमसिंगने विचारलं.

“तुमी सांगसान ते,” गोविंदसिंग म्हणाला, आणि मदनसिंगने मान डोलावली.

हेमसिंगने त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. त्याने त्यांना चहा दिला. एकमताचे दोन साक्षीदार! कुठलंही जुनं नाव घ्यावं, हे दोघे शेवटपर्यंत त्याला चिकटून राहतील. अशफाक काय करणार होता? गादीही राहील आणि इज्जतही राहील. उद्या संध्याकाळी कापडलाइनीत या, असं तो त्यांना सांगून बसला, आणि सांगितल्यावर त्याला जरा कसंतरीच झालं. आठवडाभर ज्या गोष्टीचा शोध घेतला, ती आता स्वतःच ठरवून टाकायची होती. शोधण्यातली सगळी गोडीच गेली.

त्याच दुपारी मेहरबी आल्या. जुन्या शिंपीवाड्यातल्या, पंचाहत्तरीच्या. हातात एकही कागद नव्हता. हेमसिंगने सवयीने आधार मागितलं, तर त्या म्हणाल्या, “मले पैसे नोको बेटा. मले फक्त इचाराचं हाय, का त्या पोरीचं पुढं काय झालं?”

रांगेत त्यांच्या मागे तांड्यावरच्या चंदाबाई उभ्या होत्या, कागदांची पिशवी छातीशी धरून. त्यांनी पुढे वाकून विचारलं, “कोणती पोरगी? गाडीतली?”

मेहरबींनी मान हलवली, चंदाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि हेमसिंगला बाजूला सारून दोघींचं सुरू झालं. त्या काळी बायकांना पडद्याच्या पुढे बसू देत नसत, मागच्या बाजूला बसवत. पडदा पातळ, मागूनही दिसे, फक्त उलटं. चंदाबाईंनी आयुष्यभर मानलं होतं की त्या पिक्चरमधला हिरो डावखुरा होता. डाव्या हाताने जेवतो म्हणून त्यांना तो कधी आवडलाच नाही. डावखुरा नाही वो बाई, मेहरबी म्हणाल्या, आपणच उलट्या अंगानं पाहेल हाय. चंदाबाईंनी आपलेच दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. इतक्या वर्षांनी एखाद्यावरचा राग मागे घ्यायचा म्हणजे वेळ लागतोच.

“पण नाव काय होतं पिक्चरचं?” हेमसिंगने मध्ये तोंड घातलं.

“नाव नोतंच,” चंदाबाई म्हणाल्या.

मेहरबींचे वडील शिंपी होते आणि फाटलेला तंबू शिवायला त्यांनाच बोलावलं होतं, म्हणून मेहरबींना आतली गोष्ट माहीत होती. तंबूवाल्याने मागवला होता एक पिक्चर, आणि बसवरून उतरली रिळांची भलतीच पेटी. त्यातही पहिलं रीळ नव्हतं, म्हणजे नाव ज्यावर असतं तेच नव्हतं. त्यालाही कळेना कोणता पिक्चर आहे. तिकिटं तर विकून झालेली. त्याने पुकारणाऱ्याला दम भरला की नाव घ्यायचं नाही, नुसतं ‘नवा खेळ’ म्हणायचं. चंदाबाईंनीही तेच सांगितलं, की पुकारा नुसता नव्या खेळाचाच होता, म्हणून त्यांचा बाप पुकारणाऱ्याशी भांडलाही होता. शेवटी तंबूला वीज देणारं इंजिन बंद पडलं, उरलेला भाग उद्या दाखवतो म्हणून तंबूवाल्याने हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी मैदान मोकळं होतं.

हेमसिंग उठून उभा राहिला. आठवडाभराचं कोडं डोळ्यांसमोर सुटत होतं. नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपापलं नाव दिलं होतं. डाकूवाला खोटं बोलत नव्हता, सासूवालाही नाही. इतका आनंद त्याला अशफाकला हरवतानाही कधी झाला नव्हता, आणि तो त्याने दोघींना मोकळेपणाने सांगितलाही.

बाजाराच्या संध्याकाळी मॅचिंग सेंटरमध्ये तो दोघींना घेऊन गेला. बाहेर पायरीवर बाबूलाल मुद्दाम येऊन बसला होता, आणि दाराशी गोविंदसिंग-मदनसिंग इस्त्रीच्या कपड्यांत हजर होते. त्यांना येऊ नका म्हणून सांगायचं हेमसिंग आनंदात विसरला होता. त्याने उत्तर मांडलं, दोघींनी एकेक करून साक्ष दिली. धनराजने भर दुकानात, याला म्हणतात संशोधन, असं म्हटलं. फुरकानने टाळी दिली. अशफाकने अस्तराचा तागा बाजूला ठेवला. माणूस दिलदार, पण नियमाचा पक्का. त्याने हेमसिंगकडे पाहून विचारलं, “सब सही. पण तू इचारलं, तवा तुले माईत होतं का?”

हेमसिंगने तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला. “माईत होतं,” गोविंदसिंग म्हणाला. “आमी साक्षीदार हावो,” मदनसिंग म्हणाला.

झालं. नुसतं हो म्हणायचं होतं. बाजूने दोन साक्षीदार होते, समोर दोस्त होते, आणि गादी चांगली मऊ होती. पण या दोघांनी आपल्या बाजूने साक्ष दिली की खरंही खोटं वाटायला लागतं, हे हेमसिंगला त्याच क्षणी पटलं. मेहरबी आणि चंदाबाई जे खरं सांगायला आल्या होत्या त्याच्या शेजारी हे ठेवायला त्याचा जीव होईना.

“नोतं माईत,” तो म्हणाला. “रागात इचारलं. मंग शोधलं.”

अशफाकला वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. पण बाबूलाल पायरीवरून सगळं ऐकत होता, तेव्हा एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं करता येत नव्हतं. एक वर्ष बाहेर. हेमसिंगने गल्ल्यातून मोबाइल घेतला, चपला पायात सरकवल्या आणि पायरीवर जाऊन बसला. घरी जावंसं वाटेना. बाबूलालने सरकून जागा दिली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

आत अशफाकने दोघींसाठी चहा सांगितला आणि पाहुण्यांचा मान म्हणून, तुम्हीही एखादा प्रश्न विचारा, असं म्हणाला. मेहरबींनी लगेच विचारला. त्या पोरीचा एक पाय फलाटावर होता अन् एक गाडीत. ती गेली, का थांबली?

अशफाकने विचार केला, फुरकानने केला, धनराजने केला. मग अशफाकने जरा अदबीने विचारलं, “खाला, याचं उत्तर तुमाले माईत हाय ना?”

“माईत असतं त इचारलं असतं कायले?” मेहरबी म्हणाल्या.

ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न इथे विचारता येत नाही, हे अशफाकने जमेल तितक्या हळू आवाजात त्यांना समजावलं. मेहरबींना राग आला नाही. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर हेमसिंगच्या शेजारी बसल्या. त्यांच्या मागून चंदाबाई आल्या. आणि तिथे बोलणं सुरू झालं. ती थांबलीच असणार, चंदाबाईंचं म्हणणं, कारण मागे हिरो उभा होता. बाबूलाल म्हणाला, गेली असेल, उभ्या गाडीत पाय ठेवून कुणी परत फिरत नाही. हेमसिंगने विचारलं, पोरीची कपड्यांची पेटी कुठे होती, तिच्या हातात होती का खाली ठेवली होती? पेटी खाली असेल तर अजून ठरलं नव्हतं.

पेटीचं ऐकल्यावर फुरकान आतून म्हणाला, की असल्या सीनमध्ये पेटी नेहमी दुसऱ्याच्या हातात असते. बाहेरच्या प्रश्नात आतून बोलायचं नाही, अशी अशफाकने ताकीद दिली. फुरकान उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने धनराजने, पुरावा काय आहे ते तरी बघतो, असं पुटपुटून चपला घातल्या. गोविंदसिंग-मदनसिंग भिंतीला टेकून उभे होते, ते दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. अशफाक एकटाच गादीवर राहिला. त्याने एक तागा गुंडाळला, तोच उलगडून परत गुंडाळला, आणि मग आवाज कमी करा, गिऱ्हाईक येतं, हे सांगायला म्हणून दारापर्यंत आला. तिथे तो थांबला. मग पायरी झटकली आणि मेहरबींच्या पायाशी खालच्या पायरीवर बसला.

बाजार उरकून एक बाई ब्लाउजच्या अस्तरासाठी आली. दुकानात दिवे लागलेले आणि गादीवर कुणी नाही. “अशफाकभाऊ, अस्तर पायजे होतं,” ती पायरीवरच्या गर्दीला म्हणाली.

अशफाकने तिच्याकडे न बघता हात वर केला.

“दोन मिनिट थांबा ताई,” तो म्हणाला. “पोरगी गाडीत चढून राह्यली.”